सहा बोल्ट

सुलतानपूरच्या अलीकडे गावकऱ्यांनी स्वतःच मुरूम-गिट्टी ओतून केलेला एक गतिरोधक आहे. सहदेवनं तो लांबूनच हेरला होता, गाडी दुसऱ्या गिअरवर आणि मग पहिल्यावर आणली होती, आपण श्वास धरल्यानं गाडी हलकी होणार असल्यासारखा श्वासही धरला होता. तरी पुढची चाकं पलीकडे उतरली तेव्हा गाडीनं खालून असा गुच्चा दिला की समोर ठेवलेली चष्म्याची डबी उडून पायाशी पडली. शेजारी बसलेली जनकाबाई हूं की चूं करेना. दोन महिन्यांपासून तिचं हेच चाललं होतं. धक्का आला की ती दारावरची कडी धरायची आणि नाकातून एक लांब श्वास सोडायची, बस. तो श्वास ऐकायचा नाही म्हणून सहदेव खिडकीची काच खाली करायचा, पण वाऱ्यातूनही तो बरोबर ऐकू यायचा. आजही आला. आणि त्याच्यामागून, पहिल्यांदाच, शब्द आले.

"थांबवा."

"काय झालं?"

"काई नाही झालं. मी यष्टीनं येतो."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. भाजी संपली हे सांगावं इतक्या साध्या आवाजात ती बोलली. सहदेवनं गाडी बाजूला घेतली. तिनं आधी एक पाय बाहेर ठेवला, मग दार धरून, कंबरेचा पट्टा सांभाळत, दुसरा. मागच्या सीटवरचं एक्स-रेचं मोठं पाकीट आणि गोळ्यांची पिशवी घेतली, दार हळूच लावलं आणि थांब्याच्या पत्र्याच्या शेडकडे चालू लागली. मेहकरच्या हाडांच्या डॉक्टरनं तासाभरापूर्वीच सांगितलं होतं, मणक्यातली चीर भरतेय, पण धक्के टाळा. डॉक्टरनं ते जनकाबाईकडे बघून सांगितलं होतं. ऐकताना खाली मान सहदेवनं घातली होती.

त्याला राग यायला हवा होता. एकतीस वर्षं एसटीच्या कार्यशाळेत काढलेला माणूस, गाडी फाटकातून आत येता येता तिचं दुखणं आवाजावरून सांगणारा, आणि त्याची बायको त्याच्या गाडीतून उतरून भर दुपारी यष्टीची वाट बघत बसते. घर लोणारला, अवघं बारा-तेरा किलोमीटरवर. पण रागाला अंगात थोडं बळ लागतं आणि ते मार्चच्या उन्हात त्याच्याजवळ नव्हतं. गेल्या दोन महिन्यांत ते कुठेतरी सांडलं होतं. आता ही एकदा यष्टीनं गेली की पुढच्या महिन्यातही यष्टीनंच येणार, त्याच्या पुढच्याही. गाडी अंगणात लिंबाखाली उभी राहणार, तिच्यावर पानं पडणार, आणि आपण रोज सकाळी फडक्यानं ती झाडणार. दोघांपैकी कोणीही त्यावर काही बोलणार नाही. हे न बोलणं त्याला आतापासूनच जड होऊ लागलं. त्यानं गाडी रस्त्यापलीकडे निवृत्तीच्या गॅरेजपुढे नेऊन उभी केली, तीही अशी की शेड दिसत राहावी. साडेतीनची लोणार गाडी. आता पावणेतीन वाजले होते.

गाडी खरं तर धम्मरत्नची, म्हणजे त्याच्या मुलाची. तो पुण्याकडे एका मोटारींच्या कारखान्यात लागला आणि ही जुनी घेतलेली गाडी आईबापाला देऊन गेला. पण देण्याआधी तिचं भलं केल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन नव्हतं. ऑक्टोबरात धम्मचक्र दिनाच्या सुट्टीला आला तो रेल्वेत मांडीवर धरून आणलेलं एक खोकं घेऊन. त्यात चार कॉइलओव्हर. स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब मिळून एकच नळा, नळ्याला बाहेरून आटे, आट्यांवरची कडी फिरवली की गाडी वर-खाली होते, डोक्यावरची घुंडी फिरवली की नरम-कडक. पोरानं ते चारही नळे सतरंजीवर ओळीनं मांडले तेव्हा सहदेवला खोटं का बोला, हेवाच वाटला होता. इतकं देखणं सामान त्याच्या हाताखालून कधी गेलं नव्हतं. त्यानं आयुष्यभर पाट्यांच्या स्प्रिंगा चढवल्या होत्या, काळ्या, वंगणानं माखलेल्या, चौघांनी उचलाव्यात अशा. "बाबा, आता पाहा, वळणावर कशी झोपते गाडी," धम्मरत्न म्हणाला होता. "झोपवाची काऊन तिले? जागी राहू दे ना," जनकाबाई दारातून म्हणाली होती आणि तिघंही हसले होते. ते हसणं सहदेवला आता उगीचच तपशिलानं आठवलं. तिच्या हाताला तेव्हा कणीक लागलेली होती.

मग दिवाळी झाली, थंडी पडली, आणि गाडी जी दगड झाली ती झालीच. सुरुवातीला दोघांनी चालवून घेतलं. जानेवारीत जनकाबाई मोरीत घसरली, मणक्याला बारीक चीर गेली आणि धक्का हा शब्द घरात येऊन राहिला. दर रविवारी सहदेव एक इलाज करायचा. टायरमधली हवा उतरवली. घुंड्या मोजून मोजून पार नरमावर आणल्या. कड्या फिरवून गाडी दोन बोटं वर घेतली, नंतर एक बोट खाली. वरची रबरं बदलली. प्रत्येक इलाजानंतर तो जनकाबाईला शेजारी बसवून तळ्याच्या रस्त्यानं एक चक्कर मारायचा आणि परतताना विचारायचा, "कशी वाटते?" ती म्हणायची, "बरी वाटते." ते खोटं असायचं. उतरताना ती किती वेळ दार धरून उभी राहते त्यावरून त्याला खरं काय ते कळायचं. बाई आपल्याला सांभाळून घेते आहे, हे त्याला कळत होतं आणि ते सोसत नव्हतं. मग तो सगळा वैताग धम्मरत्नवर निघायचा. पोराचं खूळ. पुस्तकी हात. शिकून आला आणि आईच्या पाठीवर प्रयोग करून गेला. पाठीचं जनकाबाईनं पोराला कळू दिलं नव्हतं, उगाच रजा टाकून येईल म्हणून, त्यामुळे फोनवर सहदेवला तेही काढता येत नसे. जनकाबाईनं फोन हातात दिला की नुसताच तो तुटक बोलायचा. नोव्हेंबरात एकदा धम्मरत्ननं विचारलं होतं, "बाबा, आर्मचे बोल्ट गाडी खाली उतरवून आवळले होते ना?" सहदेवच्या डोक्यात तिडीक गेली होती. "एकतीस वर्षं काय गवत कापलं का बे मी? मले शिकवू नको." पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग "जय भीम बाबा, ठेवतो," आणि फोन बंद. त्यानंतर पोरगं आईच्याच फोनवर फोन करू लागलं.

"काय सहदेवभाऊ, वयनी तिकडं अन् तुमी इकडं? भांडून राह्यले का या वयात?" निवृत्ती ट्रॅक्टरच्या पोटाखालून डोकं काढून म्हणाला. निवृत्ती देहानं आडवा, मनानं मोकळा आणि तोंडाला फाटक नसलेला माणूस. तालुक्यातल्या निम्म्या ट्रॅक्टरांचा तो वैद्य होता.

"गाडी धक्के देते," सहदेव म्हणाला. एवढंच सांगायला त्याला फार वेळ लागला.

"मंग फेका ना ते पोराचं झंझट. जुने शॉकअ‍ॅब हायेत का? हाणा परत. अर्ध्या दिवसाचं काम."

जुने होते, पोत्यात गुंडाळून माळ्यावर. सहदेवनं अनेकदा त्या पोत्याकडे बघितलं होतं. ते खाली काढणं म्हणजे पोराला काहीही न बोलता फार मोठं बोलणं झालं असतं, आणि ते बोलायचं धाडस त्याला होत नव्हतं. "तुहा खड्डा रिकामा हाये का?" त्यानं विचारलं. निवृत्तीनं ओलं फडकं धरलेला हात गाड्यांचं खालून काम करायच्या खड्ड्याच्या दिशेनं केला.

खड्ड्यात उतरावं ही काही मोठी युक्ती नव्हती. त्याला एक दोरा बघायचा होता. सकाळी निघताना त्यानं पुढच्या दोन्ही शॉकअ‍ॅबच्या चकचकीत दांड्याला नळ्याच्या तोंडाशी घट्ट दोरा बांधला होता. चाक वर उसळलं की दांडा नळ्यात शिरतो आणि दोरा सरकून वर राहतो. दोरा कुठवर गेला त्यावरून दांडा किती आत गेला ते कळतं. त्याचा होरा असा की दोरा पार वरच्या रबरी ठोकळ्यापर्यंत गेलेला असणार, म्हणजे गाडी त्या ठोकळ्यावर आदळते, म्हणजे धम्मरत्ननं ती फाजील खाली बसवली, म्हणजे चूक पोराची. गाडी खड्ड्यावर घेऊन तो खाली उतरला, मान वाकडी केली, बॅटरी मारली. दोरा जेमतेम दोन बोटं सरकला होता. दुसऱ्या बाजूलाही तेवढाच. मेहकर-सुलतानपूर रस्ता, दीड डझन खड्डे, तो मुरमाचा गतिरोधक, आणि दांडा दोन बोटं. म्हणजे स्प्रिंग कडक नव्हती. स्प्रिंगपर्यंत धक्का पोचतच नव्हता. चाकाला वर जायचं होतं आणि कोणीतरी त्याला अडवून धरत होतं.

खड्ड्यात गारवा होता आणि जुन्या ऑइलचा वास होता. हा वास त्याला घरच्यासारखा. त्याच्या डोळ्यांना तेवढ्यात झापड आल्यासारखी झाली. किती दिवसांत आपण धड झोपलो नाही हे त्या गारव्यात त्याच्या ध्यानात आलं. त्यानं हात वर करून खालच्या आर्मचा बुश चाचपला. आर्म म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी हात, आणि तो जिथे गाडीला बोल्टनं जोडलेला असतो तिथे मधे रबर, म्हणजेच बुश. ऑक्टोबरात सहाही नवे घातले होते. बोटांना रबर गुळगुळीत लागायला हवं होतं. त्याला सुरकुत्या लागल्या. धुणं पिळताना कापडाला पडतो तसा पीळ, एका बाजूला ओढलेला. त्यानं पुढचा उरलेला प्रत्येक पाहिला. तसाच. मागचे दोन पाहिले. तसेच. सहाही बुश पिळून बसलेले, आणि सुटता येत नाही म्हणून पाच महिने गाडीचा प्रत्येक चढउतार आपल्या अंगावर घेत, चाकांना धरून ठेवत. असं कधी होतं ते त्याला माहीत होतं. गाडी उचललेली असताना, चाकं हवेत लोंबत असताना बोल्ट गच्च आवळले तर. मग गाडी खाली आली, आर्म वर वळला की रबर त्या मुरडीतच अडकतं. म्हणून ते बोल्ट आधी ढिले ठेवायचे असतात, गाडी आपल्या वजनानं जमिनीवर उभी राहिली की मग आवळायचे. हे धम्मरत्नला माहीत होतं. त्यानं ते ढिलेच ठेवले होते.

सहदेवनं बॅटरी विझवली. उजेडात हे आठवणं त्याला नको होतं.

सहदेवला ढिलं काही बघवत नाही, हे लोणारात त्यांच्या गल्लीला ठाऊक आहे. नोकरीआधी, विशीत, तो एका खासगी ट्रकांच्या गॅरेजात होता. एका ट्रकच्या, मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्याचे चार बोल्ट त्यानं बोटानं लावले आणि चहाला गेला. चहा घेऊन येईतो ड्रायव्हर घाईत ट्रक घेऊन गेलेला. पुढच्या घाटात दांडा निसटला. ड्रायव्हर वाचला, पण एक पाय कायमचा आखडला. कोणी सहदेवचं नाव घेतलं नाही, त्यामुळे त्याला कोणी माफही केलं नाही. तेव्हापासून हाताला मिळेल ते तो आवळतो. घरातल्या नळांच्या चकत्या वर्षाला झिजतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्याच्या हातून लागलं की जनकाबाईला शेजारच्या प्राचीला हाक मारावी लागते, मग दोघी मिळून ते फडक्यानं उघडतात आणि हसतात. आणि त्या ऑक्टोबरातल्या तिसऱ्या दुपारी, गाडी अंगणात लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, धम्मरत्न जेवून आतल्या खोलीत आडवा झालेला, तेव्हा सहदेव सहज म्हणून खाली वाकला आणि त्याला सहा बोल्ट दिसले. बोटानं लावलेले. नुसते. पोरगं माझ्यावर गेलं, बोटानं लावून झोपलं. उठवून रागवावं असं आधी मनात आलं, आणि मग आलं की नको, शरमेल. त्यानं पान्याला पाइप घालून सहाही बोल्ट जीव खाऊन आवळले. पोराची चूक आपण झाकली, या समाधानात त्यानं हात धुतले. त्याच संध्याकाळी कारखान्यातून फोन आला आणि धम्मरत्नला निघावं लागलं. "गाडी खाली उतरवली का मंग राह्यलेलं आवळून घ्या, बाबा," पिशवी खांद्याला लावता लावता तो म्हणाला होता. "हाव हाव, जाय तू," सहदेव म्हणाला होता. आपण ते केव्हाच करून ठेवलं आहे हे त्याला सांगायचं नव्हतं. सांगितलं असतं तर त्या क्षणी पोरानं पिशवी खाली ठेवली असती.

त्याला स्वतःची चीड आली नाही. फार थकलेला माणूस दुसऱ्या कोणाचं तरी नुकसान बघतो तसं तो ते सगळं बघत राहिला: तिची कडी धरलेली मूठ, फोनवरचा तो रिकामा वेळ. मग निवृत्तीच्या पान्यांचा आवाज आला आणि त्याला वेळेचं भान आलं. तीन वाजून दहा मिनिटं.

"बसू का मी गाडीत? वजन लागन ना तुमाले," बोल्ट वजनावर आवळायचेत एवढंच ऐकून निवृत्ती म्हणाला.

"तू नाही. तू दोघांचा एक हायेस." सहदेव रस्ता ओलांडून गेला.

जनकाबाई शेडच्या बाकावर टेकून बसली होती, पाकीट मांडीवर, पदर डोक्यावर. शेजारी एक म्हातारी वांग्यांची पाटी घेऊन बसली होती आणि तिला आपल्या सुनेचं काहीतरी सांगत होती. सहदेव समोर जाऊन उभा राहिला तसं म्हातारीनं सुनेला अर्ध्यात सोडलं.

"गाडीत बसतं का थोडं?" तो म्हणाला.

"अजी, मी येतो ना यष्टीनं. तुमाले काई म्हणलं का मी?"

"चालू नाही करत. नुसती उभी हाये निवृत्तीच्या खड्ड्यावर. मले वजन पाह्यजे. तुहं." आणि ती तशीच बघत राहिली तेव्हा त्यानं खिशातून किल्ली काढून तिच्या पुढे धरली. "हे ठेव तुह्याजवळ."

तिनं किल्लीकडे पाहिलं, मग त्याच्या गुडघ्यांना लागलेल्या ऑइलकडे. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती आणि त्यानं तिच्याजवळ काही मागायची वेळ फारशी आली नव्हती. तिनं किल्ली मुठीत घेतली आणि उठली. रस्ता ओलांडताना तिनं त्याच्या दंडाला धरलं, ते वाहनांमुळे असेल. नेहमीच्या जागी, ड्रायव्हरशेजारी, ती बसली, सहदेवच्या वजनाइतकं म्हणून निवृत्तीनं ड्रायव्हरच्या सीटवर गव्हाचं एक पोतं आणून टाकलं आणि म्हणाला, "घ्या वयनी, हा तुमच्या मालकापेक्षा कमी बोलते." ती हसली की नाही ते सहदेवला दिसलं नाही. तो खाली उतरला होता.

पहिला बोल्ट काही केल्या सुटेना. त्यानं स्वतःच आवळलेला होता, तेव्हा नवल नव्हतं. पान्याला पाइप घालून, खांदा लावून तो लोंबकळला, आणि कट् असा आवाज होऊन बोल्ट सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्या-चौथ्याला गाडीनं पुढून एकदम मान खाली घातली, बोटभर, वरून जनकाबाईचा आवाज आला, "अवो माय, काय झालं?"

"काई नाही. गाडी बसली."

"तुटलं नाही ना काई?"

"नाही. मोकळं झालं." त्यानं बुश चाचपला. पीळ गेला होता. रबर पुन्हा गुळगुळीत लागत होतं, आणि त्यानं ते अंगठ्यानं पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. मागचे दोन सुटले. मग तो एकेक बोल्ट परत आवळू लागला, गाडी आपल्या चाकांवर, तिचं वजन वर. चौथा बोल्ट आवळून झाला आणि त्याचे हात थांबले. हे न सांगता वर गेलो तर गाडी बरी होईल, आणि चूक पोराचीच राहील.

"जनका," तो गाडीच्या पोटाला म्हणाला. "हे धम्मानं नव्हतं केलं. तो झोपला होता तवा मीच आवळले होते हे बोल्ट. हवेत."

लांबून मेहकरकडून येणाऱ्या गाडीचा घर्र घर्र आवाज आला. एसटीचा, त्याला न बघता कळला.

"मले माहीत हाये," जनकाबाई म्हणाली.

"तुले कसं माहीत?"

"दारातून पाह्यलं ना मी. जीव खाऊन आवळून राह्यले होते. मले काय समजते त्यातलं? मले वाटलं पोराचं काम पक्कं करून देऊन राह्यले. बरं वाटलं मले. मंग त्याचा फोन आला, गाडी कडक काऊन झाली म्हणून इचारत होता, तं मी सांगतलं त्याले. तू झोपला होता तवा बाबानं सगळं आवळून ठेवलं, तू काळजी करू नको, असं."

पाना सहदेवच्या हातातून सुटला नाही, पण त्याला तो हातात असल्याचं कळेना. "कधी सांगतलं?"

"दिवाळीच्या मागून. माह्या पाठीच्या आंधी."

"मंग? काय म्हणला तो?"

यष्टी थांब्यावर येऊन उभी राहिली. कंडक्टरनं लोणार लोणार म्हणून हाळी दिली. वांगेवाली म्हातारी, "अवो बाई, गाडी आली ना," म्हणून इकडे बघून ओरडली असावी. वरची सीट करकरली, आणि सहदेवला वाटलं, उठली.

"म्हणला, आई, हे बाबाले सांगू नको. त्यायले वाटन, मी त्यायची चूक काढली."

सहदेव तसाच उभा राहिला. मान वर, हात वर. डोळ्यांत काहीतरी पडलं होतं, वरून गळणारं ऑइल म्हणावं तर गाडी कुठेही गळत नव्हती. पोरगं चार महिने बोलणी खात होतं, आईच्या फोनवर फोन करत होतं, आणि बापाची चूक अशी झाकून बसलं होतं, जशी बापानं त्याची झाकली होती, फक्त पोराची चूक नव्हतीच. बाहेर कंडक्टरनं दोनदा घंटी दिली. इंजिनानं जोर धरला, गिअर पडला, दुसरा पडला, तिसरा. प्रत्येक गिअर सहदेवनं ऐकला, आवाज सुलतानपूरच्या बाहेर जाऊन विरेपर्यंत. उरलेले दोन बोल्ट आवळायचे होते. त्यानं ते आवळले. बेतानं.

मग वरच्या खिडकीतून, कडेला, बांगड्या भरलेला एक हात खाली आला आणि त्यातली किल्ली हलली.

"या आता वर," जनकाबाई म्हणाली. "यष्टी गेली."